सायफोनिक पर्जन्यजल प्रणाली: मोठ्या सपाट गच्चीसाठी उत्तम, पण अटींसह

१००० चौरस मीटर गच्चीवर तासाला १०० मिमी पाऊस पडला, तर सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी उतरवावं लागतं. नेहमीच्या पद्धतीत आडव्या पाइपला १:१०० उतार दिला, तर ४० मीटरमध्ये ४० सेंमी उंची जाते, आणि नेमकी तीच जागा एसीच्या डक्टला हवी असते. सायफोनिक प्रणालीत आडवा पाइप उताराशिवाय चालतो. आउटलेटमधली भोवरारोधक तबकडी हवा आत येऊ देत नाही, पाइप पूर्ण भरतो आणि खाली पडणारं पाणीच वरचं ओढतं. फॉल्स सीलिंगमधली ही बचत खरोखर मोलाची आहे.

मात्र चुकीला इथे माफी नाही. पाइपमध्ये ऋण दाब (बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब) तयार होतो, म्हणून रबर रिंगचे साधे पीव्हीसी जोड नकोत. हा दाब सोसणारे पाइप आणि जोड हवेत, उदाहरणार्थ वितळवून जोडलेला एचडीपीई (चिवट प्लास्टिकचा) पाइप. साफसफाईत तबकडी काढून ठेवली की हवा शिरते आणि क्षमता कोसळते. नंतर एखादं आउटलेट वाढवायचं तर सगळं गणित पुन्हा करावं लागतं. एसीच्या पाण्याची नळी यात जोडूच नका, तिच्या ट्रॅपमधलं (पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातलं) पाणी ओढलं जाऊन तो रिकामा होतो. गार पाण्यामुळे पाइपला घाम येतो, तेव्हा इन्सुलेशन आवश्यकच. लिफ्टच्या शाफ्टमधून तर हा पाइप कधीच नेऊ नये.

पालापाचोळ्याने आउटलेट तुंबतं, त्यामुळे पॅरापेटमध्ये स्वतंत्र ओव्हरफ्लो ठेवाच. लहान गच्चीला मात्र साधी पद्धतच बरी.