दिवाळीच्या सुट्टीत लेह की मनाली? मॅरेथॉनची तयारी सुरू असणाऱ्यांसाठी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. सोळा आठवड्यांचा सराव धरला तर दिवाळीची सुट्टी त्या सरावातच येते. लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वात लांब धाव, पंचवीस किलोमीटरच्या पुढे सरकायला लागतात आणि त्याच वेळी घरात तिकिटांचा विषय निघतो. घरच्यांनी वर्षभर आपले पहाटे चारचे गजर सहन केलेले असतात, त्यामुळे सहल टाळायची नाही हे माझ्यापुरतं पक्कं आहे. प्रश्न एवढाच की दहा दिवस लेहला काढायचे की मनालीला.

आधी माझं मत सांगते. पहिलीच पूर्ण मॅरेथॉन असेल तर मनाली. हाफ (अर्धी मॅरेथॉन) धावणार असाल, किंवा दोन-तीन पूर्ण मॅरेथॉन पायाखालून गेल्या असतील, तर लेहला खुशाल जा. मात्र तिथे सराव होणार नाही हे निघण्यापूर्वीच मान्य करा.

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, मनाली २,०५० मीटरवर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वात उंच टोक, १,६४६ मीटर. म्हणजे सिंहगड-कळसूबाई कितीही वेळा केलं तरी लेहच्या हवेची सवय इथे राहून होत नाही. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो.

याचा धावण्यावर किती परिणाम होतो ते १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दिसलं. १०,००० मीटरचा विश्वविक्रम तेव्हा २७ मिनिटं ३९ सेकंदांचा होता. मेक्सिको सिटीत केनियाच्या नफ्ताली तेमूने सुवर्णपदक घेतलं ते २९ मिनिटं २७ सेकंदांत. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, म्हणजे मनालीपेक्षा थोडीशीच उंच. जगातले सर्वोत्तम धावपटू तिथे जवळजवळ दोन मिनिटांनी मागे पडले. लेह त्याच्याही १,२०० मीटर वर आहे. तिथे घड्याळातला मुंबईचा पेस (दर किलोमीटरला लागणारा वेळ) धरून टेम्पो, म्हणजे सलग जोरातली धाव, करायला गेलात, तर पायांना पुरेसं काम मिळण्याआधीच धाप लागून थांबाल.

‘उंचावर राहून आलं की रक्त वाढतं, जानेवारीत फायदा होतो’ हे आपल्या धावणाऱ्यांच्या गटांत फार ऐकू येतं. दहा दिवसांच्या सहलीला ते लागू पडत नाही. शरीर दोन-तीन दिवसांतच एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक) जास्त बनवू लागतं, पण तांबड्या पेशींचा साठा खरोखर वाढायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिनचा आकडा वर गेलेला दिसला तरी त्याचं मुख्य कारण रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘उंचावर राहा, खाली धावा’ या पद्धतीच्या गाजलेल्या अभ्यासात धावपटू चार आठवडे २,५०० मीटरवर राहिले आणि रोज सरावाला १,२५० मीटरवर उतरले. आपल्या सुट्टीत तसं काही होत नाही. म्हणून फायद्याचा हिशेब सोडा आणि नुकसान किती कमी ठेवता येईल एवढं बघा.

विमानाने लेहला उतरलात की पहिले ४८ तास विश्रांतीचे. हॉटेलच्या पायऱ्या चढतानाही दम लागतो आणि झोप तुटक येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजारात फिरा, शांती स्तूपाच्या पाचशेहून अधिक पायऱ्या थांबत थांबत चढा. सगळं ठीक असेल तर पाचव्या दिवसापासून अर्ध्या तासाचा इझी रन, तोही बोलता येईल इतका हळू. चोगलमसरच्या बाजूला सिंधूकाठी त्यातल्या त्यात सपाट रस्ता मिळतो. पण सहल म्हणजे पँगाँग आणि खारदुंग ला आलंच, आणि त्या दिवसांत गाडीतून उतरल्यावर पायांत काही उरत नाही. दहा दिवसांत तीन-चार छोटे रन झाले तरी भरपूर. लाँग रन एकही नाही. दिवाळीच्या सुमारास पहाट गोठवणारी असते, म्हणून धावायचं ते ऊन पडल्यावरच.

मनालीला जाण्यायेण्यातच दोन-तीन दिवस जातात, हे तिचं मोठं उणं. चंदीगडहून गाडीने किंवा भुंतरच्या विमानतळावरून वर यावं लागतं. पण दुसऱ्या दिवशी हलकं धावता येतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लाँग रनही जमतो. त्यासाठी बियासच्या डाव्या काठाचा रस्ता धरा. मनालीहून जगतसुखवरून नग्गरपर्यंत साधारण वीस किलोमीटर, सफरचंदांच्या बागांमधून, पलीकडच्या हायवेपेक्षा कितीतरी कमी गाड्या, आणि एकूण उतारच. घरचे गाडीने मागून येतात, नग्गरचा किल्ला बघतात, आणि दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र होतं. धावणाऱ्याला आणि घरच्यांना एकाच दिवशी समाधान देणारी अशी वाट मला दुसरी माहीत नाही. पेस मुंबईपेक्षा कमीच राहील. अंतर किंवा वेळ पूर्ण करा, सेकंद बघू नका. जास्त उंचीची हौस असेल तर अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जा. ते ३,१०० मीटरच्या आसपास आहे. तिथे चाला आणि झोपायला मनालीत परत या.

दोन्हीकडे इंटरव्हल (थांबून थांबून वेगाने धावणं) आणि टेम्पो बाजूला ठेवा. हॉटेलच्या खोलीत स्क्वॉट, लंजेस, काफ रेज करा, त्यांना उंचीची अडचण नाही. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा. घरच्यापेक्षा दहा-बारा ठोके जास्त असतील तर त्या दिवशी फक्त चालायचं.

आणखी एका फरकावर माझा निर्णय बराचसा ठरतो. उंचीच्या त्रासाने डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर उपाय एकच: ताबडतोब खाली उतरणं आणि डॉक्टर गाठणं. मनालीहून तास-दीड तासात १,२८० मीटरवरच्या कुल्लूला पोहोचता येतं. लेहहून असं पटकन खाली येता येत नाही, तिथून बाहेर नेणारे बहुतेक रस्ते आधी खिंडीवर चढतात. उत्तम फिट असणं ही या त्रासापासूनची ढाल नाही. उलट धावणारेच पहिल्या दिवशी जास्त हिंडतात आणि आजारी पडतात. डायमॉक्स, म्हणजे उंचीचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

परतल्यावर मात्र दोन्ही जागा सारख्याच. दहा दिवस कोरड्या थंडीत काढून मुंबईच्या दमट हवेत आलात की शरीराची उकाड्याची सवय बरीच गेलेली असते आणि रक्तातलं पाणीही अजून भरून आलेलं नसतं. पहिला आठवडा सगळे रन इझी ठेवा. लेहहून आला असाल तर पहिला लाँग रन सुट्टीपूर्वीच्या अंतरापेक्षा पाच-सहा किलोमीटर कमी धरा, आणि वाढवायचं ते पुढच्या रविवारी.