मळ्यातलं बिनलाईनीचं घर : सौर आणि लिथियम बॅटरी, एक उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

सौरचा हिशेब जो तो उन्हाळ्यात करतो. विकणाराही एप्रिलमध्येच येतो, घाम पुसत ओट्यावर बसतो आणि म्हणतो, "शेठ, खान्देशात उन्हाला काय तोटा?" तोटा नाहीच. पण घराला लाईन नसली की खरी परीक्षा श्रावणातली झड घेते. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, आणि फ्रीज, पंखे, राऊटर मात्र चालूच असतात. त्यामुळे कोणी विचारायला आलं की मी आधी पावसाळ्याचं सांगतो, मग बाकीचं.

आमचं घर चोपडा तालुक्यात, गावापासून लांब मळ्यात आहे. चहूकडे केळी. विहिरीवर शेतीची लाईन आहे, पण ती पाळीपाळीने, कधी दिवसा कधी रात्री आठ तास. शेतीच्या मीटरवर घर चालवणं नियमातही बसत नाही. घरापर्यंत वेगळी लाईन ओढायची तर खांबांचाच खर्च डोळे पांढरे करणारा होता. म्हणून ऑफ-ग्रिड, म्हणजे लाईनशी न जोडलेलं सौर. गावात राहणाऱ्याने, दारात लाईन असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने सरळ लाईनला जोडलेलं छपरावरचं सौर घ्यावं. केंद्राच्या 'पीएम सूर्य घर' योजनेत तीन किलोवॅट आणि त्यापुढे 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते लाईनला जोडलेल्या यंत्रणेलाच. आमच्याकडे आलेला एक विक्रेता छातीठोक सांगत होता, "ऑफ-ग्रिडलाही अनुदान काढून देतो." लेखी द्या म्हटलं, तर चहा न पिताच निघाला.

यंत्रणा अशी आहे: 550 वॅटचे सहा पॅनल, म्हणजे 3.3 किलोवॅट. 48 व्होल्टचा पाच केव्हीएचा इन्व्हर्टर, एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग) त्यातच. 51.2 व्होल्ट 200 एएचची (अँपिअर-तास) लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, म्हणजे कागदावर सव्वादहा युनिट. दिवाळीनंतर बसवली. खर्च तीन लाखांच्या आसपास गेला आणि त्यातले निम्मे एकट्या बॅटरीने खाल्ले. जोडीला एक छोटा पेट्रोल जनरेटर आहे, त्याचं पुढे सांगतो.

पॅनल किती आणि बॅटरी केवढी हे ठरवण्याआधी घरातली प्रत्येक वस्तू किती वॅट आणि किती तास, हे वहीत मांडलं. दोन कूलर मिळून 340 वॅट, दहा तास धरले तर 3.4 युनिट. बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे चार, 30 वॅटचे, रोजचे दीड युनिट. साधे पंखे ठेवले असते तर तेवढ्याच हवेला दुपटीहून जास्त वीज गेली असती, म्हणून ते आधी बदलले. फ्रीज सव्वा युनिट. घरची मोटर, मिक्सर, धुण्याचं मशीन, दिवे, टीव्ही असं सगळं धरून दोनच्या आत. या यादीत एक पाहुणा असतो जो कोणी लिहीत नाही : खुद्द इन्व्हर्टर. आमचा नुसता चालू राहायला 50 वॅट घेतो. चोवीस तासांचे झाले सव्वा युनिट, म्हणजे आणखी एक फ्रीज. राऊटर आणि खळ्यातले कॅमेरेही रात्रंदिवस चालतात, अर्धा युनिट त्यांचा. हे सगळं मिळून उन्हाळ्यात साडेनऊच्या घरात, कूलर बंद असले की सहा. खरेदी करताना मी दुकानदाराला इन्व्हर्टरचा नुसता चालू राहण्याचा खप विचारला, तर तिघांपैकी एकालाच तो आकडा सांगता आला. त्याच्याकडूनच घेतला.

आता आपल्या उन्हाची गंमत. पॅनलवर छापलेले वॅट हे सेलचं तापमान 25 अंश असतानाचे असतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 44-45 अंश, काच हात लावू देत नाही, आत सेल 65-70 पर्यंत तापलेले. साध्या मोनो पॅनलची ताकद दर अंशाला 0.35 टक्क्यांच्या आसपास घटते, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. वरून मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या थोडा उत्तरेलाच असतो, आणि पॅनल वीस अंश दक्षिणेला कललेले. परिणाम असा की माझ्या डिस्प्लेवर सगळ्यात मोठा आकडा फेब्रुवारीत दिसला, तीन किलोवॅटच्या अगदी जवळ. मेमध्ये 2.6 च्या वर सहसा सरकत नाही. दिवस लांब असल्यामुळे दिवसाचे बारा-तेरा युनिट तरी पडतात. पण "खान्देशात ऊन भरपूर, पॅनल कमी लागतील" हे जो सांगेल त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता घरी बोलवा.

पॅनलपेक्षा उन्हाळ्यात जपावं लागतं बॅटरीला. पत्र्याच्या खोलीत दुपारी पन्नासच्या आसपास पारा जातो, आणि बॅटरीच्या कागदावर चार्जिंगची मर्यादा 45 लिहिलेली. आमचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मातीच्या हातभर जाड भिंतींचं. त्यातली आतली खोली, जिथे पूर्वी धान्याच्या कणग्या असत, ती बॅटरी-इन्व्हर्टरला दिली. बाहेर 45 असताना तिथे काटा 36-37 च्या पुढे गेला नाही. नव्या स्लॅबच्या खोल्यांपेक्षा ही जागा सरस. मात्र धाब्याच्या घरात उंदीर आलेच, म्हणून सगळ्या केबली लोखंडी पाइपातून नेल्या आणि इन्व्हर्टरच्या जाळीला बारीक जाळी लावली. पाल आत शिरून कार्ड जळाल्याची उदाहरणं आमच्या शिवारातच आहेत. दुपारी मोटर आणि मशीन एकदम चालू असलं की इन्व्हर्टरचा पंखा असा घरघरतो, की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. हे आधी कोणी सांगत नाही.

धाब्यावर पॅनल चढवायचा प्रश्नच नव्हता, वजन आणि वादळवारा दोन्ही झेपलं नसतं. नव्या स्लॅबवर लावावेत तर आईचा आणि काकूंचा ठाम नकार. चैत्र-वैशाखात तिथे बिबडे, कुरडया, पापड वाळतात. तो हक्क पॅनलसाठी सोडायला कोणी तयार नव्हतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग गोठ्यामागे जमिनीतच काँक्रीटचे पाये घेऊन गॅल्व्हनाइज्ड सांगाडा उभा केला. तिथेही निंब आडवा. आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका ज्या फांदीला बांधतात, नेमकी तीच चारनंतर सावली टाकणारी. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी साखळीतल्या सगळ्यांच्या कमाईला फटका बसतो. बहिणी फांदी तोडू देईनात, म्हणून सांगाडाच पूर्वेला सरकवला. केबल थोडी वाढली, झोका राहिला. जूनच्या सुरुवातीच्या वाऱ्यात शेजारच्या बांधावरची केळी आडवी झाली, सांगाडा हलला नाही.

सांगाडा ठीक, पण आत वायरिंग करणाऱ्यावर लक्ष ठेवा. सहा पॅनल एकामागे एक जोडले की तीनशे व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) होतात. आमच्याकडे आलेला मुलगा तिथे घरगुती लाईनच्या एसी विजेचा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) बसवत होता. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, म्हणून डीसीचाच एमसीबी आणि डीसीचाच सर्ज प्रोटेक्टर (अचानक चढलेला दाब अडवणारा) लागतो. चालू उन्हात पॅनलचे कनेक्टर ओढून काढायचे नाहीत. अर्थिंग सांगाड्याला वेगळं, इन्व्हर्टरला वेगळं, आकाशातल्या विजेसाठीच्या वीजरोधकाला वेगळं. उघड्या मळ्यात यात कंजूषी नको.

धुण्याचा अनुभव अगदी केळीपट्ट्यातला आहे. करपा रोगासाठी लोक केळीवर बुरशीनाशकाबरोबर मिनरल ऑइल फवारतात. वारा आमच्या बाजूचा असला की त्याचा तेलकट थर काचेवर बसतो आणि त्यावर धूळ चिकटून राहते. नुसतं पाणी मारून ती निघत नाही, मऊ कापडाने हळुवार पुसावी लागते. बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे ठिपके पडतात, म्हणून शेवटचा हात विहिरीच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. आणि हे काम उजाडायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

आखाजीला घर भरलं. बहिणी, भाचरं, आमरसाचा मिक्सर, खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि गावातून आणलेला तिसरा कूलर. एरवी उन्हाळ्यात सकाळी बॅटरीत तीसेक टक्के उरतात, त्या दिवशी पहाटे पंधरावर आली होती आणि दिवसभराच्या उन्हातही संध्याकाळपर्यंत पूर्ण भरली नाही. पण एकाचाही कूलर बंद पडला नाही. टक्के बघायचे ते मात्र बॅटरीच्या स्वतःच्या बीएमएसवर (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या कार्डावर). या बॅटरीचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टेजवरून अंदाज बांधणारा इन्व्हर्टर कधी सत्तर दाखवतो, कधी चाळीस. दोघांमध्ये डेटा केबल जोडून घ्या.

हिवाळ्यात उलटं दुखणं. बॅटरी दुपारी बाराच्या आत भरते आणि पुढची कमाई पॅनलवरच वाया जाते, कारण देणार कोणाला? त्या वेळात आम्ही इंडक्शनवर वरण, पाणी, बट्ट्यांचं उकडणं उरकतो, घरघंटीवर दळण काढतो, मोटर चालवतो. आईला दुपारी दळायची सवय लागायला वेळ लागला, आता तीच "ऊन आहे तोवर टाका" म्हणते.

आणि मग श्रावण. यंदा भाऊबंदकीची कानबाई, म्हणजे श्रावणात घरी बसवतात ती खान्देशातली देवी, आमच्याकडे होती. रात्रभर जागरण, माळा, मोठे दिवे, आणि बाहेर झड. पॅनल दिवसाला तीन-चार युनिट देत होते, कूलर नसूनही घराची गरज सहाच्या वर. बॅटरी काढून काढून काढणार किती? तिसऱ्या संध्याकाळी बझर वाजला. ओट्यावरून आबांचा आवाज : "आते काय, तुना सूर्य झोपी गया का?"

जनरेटर सुरू केला, तर इन्व्हर्टर त्याची वीज घेईना. व्होल्टेज हेलकावत होतं. सेटिंगमध्ये 'यूपीएस' मोड होता, त्यात 170 व्होल्टच्या खाली गेलं की तो वीज नाकारतो. 'अप्लायन्स' मोड केल्यावर 90 पर्यंत चालवून घेतो. ते बदललं, चार्जिंगचा करंट 30 अँपिअरवर आणला, म्हणजे दीड किलोवॅटच्या आसपास, आणि दोन तासांत तीनेक युनिट आत गेले. पेट्रोल तासाला लिटरभर. कानबाई व्यवस्थित पार पडली. संपूर्ण पावसाळ्यात जनरेटर लागला तो अशा सलग झडीतच, पण तो नसता तर फ्रीजमधलं सगळं गेलं असतं.

लिथियम का, ट्युब्युलर (पाणी घालायची शिसे-आम्लाची बॅटरी) का नाही, हे सगळे विचारतात. 150 एएचच्या चार ट्युब्युलर म्हणजे 7.2 युनिट, पण टिकवायच्या तर निम्म्याच वापरायच्या. उष्णतेत त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं, दहा अंश वाढले की निम्मं असा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर सारखं बघा. स्वस्त पडतात हे खरं, आणि ज्याला फक्त दोन पंखे, चार दिवे चालवायचेत त्याने त्याच घ्याव्यात.

दुसरी बॅटरी घ्या असा सल्ला मला कानबाईनंतर बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. झडीत भरायलाच काही नसेल तर मोठी बॅटरी तीनऐवजी पाच दिवसांनी रिकामी होईल, एवढंच. त्या पैशाच्या छोट्या भागात दोन पॅनल जादा येतात आणि ढगाळ दिवशी तेच थोडं थोडं जास्त देतात. आठ पॅनलचं व्होल्टेज चारशेच्या आसपास जाईल, डिसेंबरच्या आठ-दहा अंशांच्या सकाळी अजून वीस व्होल्ट चढेल. माझ्या इन्व्हर्टरची मर्यादा 450 आहे, म्हणजे बसतं. गोठ्यामागे पाये आधीच आठ पॅनलचे घेऊन ठेवलेत. केळीचा पैसा हातात आला की दोन पॅनल आणतो.