दंडाच्या हाडाचे फ्रॅक्चर: आयसीडी-१० की आयसीडी-१०-सीएम?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजार-दुखापतींच्या कोडयादीमध्ये दंडाच्या हाडाच्या, म्हणजे ह्युमरसच्या, वरच्या टोकाच्या फ्रॅक्चरला एस४२.२, मधल्या भागाला एस४२.३ आणि कोपराकडच्या टोकाला एस४२.४ हे कोड आहेत. आजारांची आकडेवारी ठेवण्यासाठी एवढे पुरते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या आयसीडी-१०-सीएम या तिकडच्या विस्तारित आवृत्तीची तपशिलाची मागणी मोठी आहे, आणि मुंबईत बसून तिकडच्या इस्पितळांचे काम करणाऱ्या कोडरना, म्हणजे रुग्णाच्या नोंदीवरून कोड लावणाऱ्यांना, ती रोज पुरवावी लागते: उजव्या दंडाच्या मधल्या भागाचे आडवे, जागेवरून सरकलेले, बंद (त्वचा न फाटलेले) फ्रॅक्चर उपचाराखाली असेल तर एस४२.३२१ए.

खरी कसोटी सीएम कोडच्या शेवटच्या, सातव्या अक्षराची. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे, तर बंद फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू असणे. म्हणून दुसऱ्या सर्जनने शस्त्रक्रिया केली तरी ‘ए’च राहते, पण नंतर प्लास्टर बदलायला आलेल्या रुग्णाचे हाड नेहमीसारखे जुळत असेल तर ‘डी’ लागते, उशिरा जुळत असेल तर ‘जी’ आणि जुळलेच नसेल तर ‘के’.

डॉक्टरांनी सरकले की नाही हे लिहिले नसेल तर सीएममध्ये सरकलेले धरले जाते. उघडे की बंद हे नसेल तर दोन्ही पद्धतींत बंद. अशा गृहीतांवर रुग्णाची नोंद सोपवणे मला गैर वाटते. भारतातील केसपेपरवरही बाजू, जागा, जखम आणि रेडियल नर्व्हची, म्हणजे दंडाच्या हाडालगतच्या मज्जातंतूची, स्थिती लिहिलीच पाहिजे, कारण त्या नर्व्हच्या इजेला एस४४.२ हा वेगळा कोड आहे.