सीओपीडीसाठी स्पेसर: साधी नळी, मोठा उपयोग

सीओपीडी या फुफ्फुसांच्या जुनाट आजारात वापरल्या जाणाऱ्या फवाऱ्याच्या इन्हेलरचं बरंच औषध घशातच अडकतं. दाबणं आणि श्वास घेणं एका क्षणी जुळत नाही, म्हणून. झडप असलेला स्पेसर, म्हणजे इन्हेलर आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी, ही अडचण चांगली सोडवतो. इन्हेलर हलवा, पूर्ण श्वास सोडा, एकच फवारा मारून सावकाश आत ओढा आणि जमल्यास 10 सेकंद रोखा. काही स्पेसरना शिट्टी असते; ती वाजली तर श्वास फार जोरात घेतलाय. दोन फवारे एकदम मारू नका, औषध वाया जातं.

खरी गोम स्पेसर धुण्यात आहे. आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून तसाच वाळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटतं. झडप ताठरली की स्पेसर बदला. इन्हेलरमध्ये स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भराच. पावडरच्या इन्हेलरला मात्र हा चालत नाही.