कॅनकूनला तीनदा जाऊन आले, आता हॉटेलच्या आधी नकाशा उघडते

आम्ही डॅलसला राहतो, इथून मेक्सिकोतलं समुद्रकाठचं कॅनकून विमानाने तीन तासांच्या आत, आणि भारतात जायचं म्हटलं की रजा आणि पैसे दोन्हीचा चुराडा, त्यामुळे पावणेदोन वर्षांत तीनदा तिकडे जाणं झालं. पहिल्यांदा जूनमध्ये, मग डिसेंबरच्या सुट्टीत, आणि आता गेल्या फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांना घेऊन. तिन्ही वेळा वेगळं ऑल-इन्क्लुसिव्ह हॉटेल, म्हणजे खाणंपिणं भाड्यातच धरलेलं. ग्रुपवर कोणी ना कोणी सारखं विचारतं की कुठलं हॉटेल घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. हॉटेलांची नावं टाकत नाही, कारण पहिल्या दोन्ही वेळा हॉटेल तसं बरंच होतं, गंडले होते मी.

जूनचं आधी सांगते. कॅनकूनच्याच किनाऱ्यावर पुढे प्लाया देल कार्मेन गाव आहे, त्याच्याजवळचं रिसॉर्ट, साडेचार स्टार, फोटोत दुधाळ निळं पाणी, आणि डिस्काउंट इतका की नवरा म्हणाला लगेच बुक कर. तो डिस्काउंट का होता ते तिथे उतरल्यावर कळलं. रूमची बाल्कनी उघडली आणि सडक्या अंड्यांचा वास. बीचवर गुडघाभर तपकिरी शेवाळ्याचा थर, त्याला सारगासम म्हणतात. अटलांटिकमधून तरंगत येतं, २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी यायला लागलंय, साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत जोर. एखादं वर्ष बरं जातं, एखादं अगदी वाईट. कुजायला लागलं की तो वास सुटतो. सकाळी सहाला मी चहाचा कप घेऊन खाली गेले तर आठ-दहा माणसं दाताळी आणि हातगाड्या घेऊन ते उपसत होती, आठपर्यंत वाळू लख्ख केली बिचाऱ्यांनी, आणि अकराला बघते तर परत पट्टा तयार. पोरगं पाण्यात गेलं आणि पायाला काहीतरी वळवळतंय म्हणून रडत बाहेर आलं ते पाचही दिवस स्विमिंग पूलमध्येच. पूल तर आमच्या अपार्टमेंटलाही आहे हो.

हॉटेलची चूक होती का? नाही. ते लोक झाडू शकतात, समुद्र थोडीच बदलणार. मी रिव्ह्यू वाचले होते, शंभर तरी, पण बहुतेक सगळे जानेवारी-फेब्रुवारीचे. आता मी फक्त ज्या महिन्यात जायचंय त्याच महिन्याचे रिव्ह्यू वाचते आणि लोकांनी स्वतः काढलेले फोटो तारखेसकट बघते. हॉटेलने टाकलेले फोटो म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला फोटो.

डिसेंबरला ठरवलं की सारगासमचा सीझन नाही, म्हणजे कुठेही गेलं तरी चालेल. कॅनकूनच्या होटेल झोनमध्ये घेतलं, समोर समुद्र, पाणी खरंच फोटोतल्यासारखं, आणि सहापैकी चार दिवस बीचवर लाल झेंडा. इथे जरा नीट सांगते कारण हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. होटेल झोन म्हणजे एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला निचुप्ते खाडी अशी वाळूची चिंचोळी पट्टी, आकार इंग्रजी सातच्या आकड्यासारखा. त्या सातची वरची आडवी दांडी उत्तरेकडे तोंड करून आहे, समोर इस्ला मुहेरेस बेट आडवं येतं, म्हणून तिथलं पाणी उथळ आणि शांत. उभी दांडी पूर्वेकडे उघड्या कॅरिबियन समुद्राला तोंड देऊन उभी, तिथे लाटा मोठ्या आणि खेचही असते. सगळी हॉटेलं कुकुल्कान नावाच्या एकाच रस्त्यावर आहेत आणि पत्त्यात किलोमीटर लिहिलेला असतो. नऊच्या आसपास कोपरा. त्याच्या आतला आकडा असेल तर पाणी शांत, त्यापुढे दहा ते वीसपर्यंत लाटा. बस, एवढा आकडा बघायचा होता! आम्ही सोळाच्या पुढे होतो.

त्यात तिथे बीच एकदम उतरता, दोन पावलं टाकली की पाणी कमरेला. शहर १९७०च्या दशकात सरकारने ठरवून वसवलं, अगदी वाळूच्या पट्टीवर हॉटेलं, आणि २००५ला विल्मा वादळाने वाळूच नेली, मग समुद्रातून उपसून परत भरली. काही हॉटेलांसमोर पट्टा अजून अरुंद आहे. तरुण जोडप्यांना लाटा बघत पडून राहायचं असेल तर पूर्वेची बाजू भारीच आहे, व्ह्यू तिकडचाच. सहा वर्षांच्या मुलाला नाही.

आणि हो, त्या हॉटेलात चेक-इन झाल्या झाल्या एका गोड मुलीने "वेलकम ब्रेकफास्ट" म्हणून बोलावलं, नव्वद मिनिटं म्हणाली. टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस हॉटेलात राहायचा हक्क गळ्यात मारायचा कार्यक्रम. साडेतीन तास! तीन वेगवेगळी माणसं, प्रत्येकाची किंमत आधीच्यापेक्षा कमी, शेवटचा तर जवळजवळ रडला. स्पाचं कूपन मिळालं, नवऱ्याने वापरलंच नाही कारण तोवर त्याचं डोकं दुखत होतं. एअरपोर्टच्या बाहेर पडतानाही तसेच लोक युनिफॉर्म घालून उभे असतात, टॅक्सी हवी का म्हणतात, थांबायचं नाही, मान खाली घालून आधी बुक केलेल्या गाडीकडे जायचं.

मग फेब्रुवारी. आई-बाबा येणार, आई शुद्ध शाकाहारी, बाबांचे गुडघे, पोरगं. ह्यावेळी आधी नकाशा, मग महिना, मग हॉटेल. उत्तरेची बाजू, किलोमीटर पाचच्या आत. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये खडक दिसतात का तेही बघितलं. स्टार एक कमी आणि फर्निचर जुनं, लिफ्ट खडखडायची, पण पाणी असं की बाबा कंबरभर पाण्यात लांबपर्यंत चालत गेले. एक दिवस उत्तरेकडून थंड वारा आला, त्याला तिकडे नोर्ते म्हणतात, तेव्हा ह्या बाजूलाही पाणी खवळलं आणि बोटीचा प्लॅन बारगळला. बाकी दिवस सुख.

बाबा रत्नागिरीचे. पहिल्या संध्याकाळी खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसले, आणि सूर्य मागच्या बाजूला, शहराकडे बुडाला. "समुद्र इथे आणि सूर्य तिथे, हे काय?" मेक्सिकोचा हा किनाराच पूर्वेचा आहे हे माहीत असूनही त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

जेवणाचं. "सिन कार्ने" म्हणजे बिनमांसाचं असं मी शिकून गेले होते, तर त्यात चिकन येतंच, चिकनला ते मांस धरत नाहीत बहुतेक! "सिन पोयो, सिन पेस्कादो" असं वेगळं सांगावं लागतं. भाताला चिकनचं पाणी आणि राजम्याच्या भाजीत डुकराची चरबी, त्याला मांतेका म्हणतात, हे दोन प्रश्न रोज विचारायचे. बुफेतल्या आचाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून आई ओळखीची झाली, तो तिला मक्याच्या टॉर्तिया तव्यावरून थेट ताटात द्यायचा. एक लाल सरबत मोठ्या काचेच्या बरणीत असायचं, हामाइका नावाचं. आईने घोट घेतला, थांबली, परत घेतला, म्हणाली, "अगं ही तर अंबाडीची बोंडं." आणि खरंच तीच. मग आंब्यावर तिखट-मीठ-लिंबू टाकलेलं दिसल्यावर तर तिने मेक्सिकोला पास करून टाकलं. संकष्टीला पपई, केळी आणि उकडलेलं रताळं मिळालं, अजून काय पाहिजे.

रात्रीच्या खास रेस्टॉरंटांत मात्र बाबांना हाफ पँटवर आत घेईनात, पुरुषांना फुल पँट आणि बंद बूट लागतात. "पैसे भरलेत ना आपण?" हे मराठीतून तीनदा विचारून झालं, मग नवऱ्याची पँट दुमडून घातली.

सुटे मुद्दे. "ओशन व्ह्यू" म्हणजे मान वाकडी करून दिसणारा समुद्रही असू शकतो, समोरासमोर हवा असेल तर "ओशन फ्रंट" बघा. "अडल्ट्स ओन्ली" हे बारीक अक्षरात असतं, आमचं पोरगं असताना नवरा तसलं हॉटेल बुक करायला निघाला होता. दुकानात सनस्क्रीनवर $ आणि पुढे ३९० बघून माझा श्वास थांबला, पेसोलाही तीच खूण आहे. कार्ड मशीन डॉलर की पेसो विचारतं तेव्हा पेसो म्हणा. चेक-इनला रूममागे रोजचा एक पर्यावरण कर वेगळा घेतात, तो ऑल-इन्क्लुसिव्हमध्ये नसतो. नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीचंच.

व्हिसाचं नीट वाचा. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, आई-बाबा त्यावरच आले. पण पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपलेला आणि हातात फक्त आय-७९७चा कागद (अमेरिकेच्या इमिग्रेशनचं मंजुरीपत्र) असेल तर चालत नाही. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब एअरपोर्टच्या काउंटरवरूनच परत आलं, पोरं बाहुल्या घेऊन रडत होती.

आता बाबांना पुढच्या वर्षी समुद्रात बुडणारा सूर्य हवाय, म्हणून पुएर्तो वायार्ता बघतेय. पॅसिफिकची बाजू, तिथे हा सारगासमचा त्रास नाही, आणि डिसेंबर ते मार्च हंपबॅक देवमासे येतात. लॉस काबोसही बघितलं होतं पण तिथे बऱ्याच हॉटेलांसमोर पाण्यात उतरताच येत नाही, ओढ फार. दोन हॉटेलांना ईमेल टाकलाय, पोहता येतं का आणि हाफ पँटवर जेवण मिळतं का. एकाचं उत्तर आलंय, फक्त पहिल्या प्रश्नाचं.