पायग्रिबसोबत दहा महिने: केळीच्या बागेसाठी हवामानाची फाइल वाचताना

गेल्या नोव्हेंबरात कांदेबाग, म्हणजे थंडीच्या तोंडावर लावतात ती केळी, नुकती लागली होती, तेव्हा नानांनी विचारलं, "थंडी दोन दिवस आधी समजेल का रे भो, तुझ्या कॉम्प्युटरवर?" पारा दहाच्या खाली गेला की आमच्या जळगावच्या रावेर भागात केळीवर चरका बसतो, म्हणजे थंडीने पानं करपतात आणि वाढ थांबते, निसवण (घड बाहेर पडणं) अडकते. आधी कळलं तर रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडता येतं, बांधावर धूर करता येतो. अख्ख्या जिल्ह्यासाठीच्या अंदाजाच्या एका आकड्यावर हे भागत नाही. म्हणून अमेरिकेच्या जीएफएस या हवामान अंदाजाच्या मॉडेलचा फुकट मिळणारा मूळ डेटा घ्यायला लागलो आणि तो वाचायला पायथनमधली पायग्रिब ही छोटी लायब्ररी धरली.

हा डेटा ग्रिब-२ या हवामानाच्या आकड्यांसाठीच्या फॉरमॅटमध्ये येतो. एका फाइलमध्ये सातशेच्या वर नोंदी, वजन पाचशे एमबीच्या आसपास. गावातल्या नेटवर ती अख्खी उतरवू नका. सोबतच्या सूचीत कोणती नोंद कितव्या बाइटपासून सुरू होते ते असतं, तेवढाच तुकडा मागवा. मी तापमान, किमान तापमान, पाऊस आणि झोताचा वारा एवढंच घेतो.

उघडणं, नाव सांगून नोंद निवडणं आणि अक्षांश-रेखांश देऊन आकडा काढणं, एवढ्यावर पायग्रिबचं काम होतं. मॉडेल ज्या चौकोनी जाळीवर आकडे देतं तिचा एक बिंदू २१.२५ उत्तर, ७६.०० पूर्व, म्हणजे रावेरला लागूनच. तापमान केल्व्हिनमध्ये येतं, २७३.१५ वजा करायचे. एवढ्या कामात दहा महिन्यांत पायग्रिबने एकदाही त्रास दिला नाही.

पावसाने मात्र मला शिकवलं. जूनमध्ये माझ्या हिशोबात पाऊस भरपूर दिसला, नानांनी त्या भरवशावर ठिबकमधून खत सोडणं थांबवलं आणि पडला त्याहून बराच कमी. अंदाज चुकला असं वाटून मी गप्प बसलो असतो, पण नोंदी एकेक करून छापून पाहिल्या. अंदाजाच्या तिसऱ्या तासाच्या फाइलमधल्या पावसावर '०-३' लिहिलेलं, सहाव्यावर '०-६', नवव्यावर '६-९', बाराव्यावर '६-१२'. सहाव्या तासाच्या आकड्यात आधीचे तीन तास धरलेलेच असतात! तिसऱ्याला ८ मिमी आणि सहाव्याला २० मिमी असेल तर पाऊस २०च, मी २८ धरत होतो. शिवाय पावसाच्या दोन नोंदी असतात: एक अशी सहा तासांच्या टप्प्याची, दुसरी सुरुवातीपासूनच्या बेरजेची. निवडीत दोन्ही येतात आणि मी डोळे झाकून पहिली उचलत होतो. आता सुरुवातीपासूनची घेतो आणि वजाबाकी करतो. शून्य तासाच्या फाइलमध्ये पावसाची नोंदच नसते. ती मागितली की स्क्रिप्ट चूक दाखवून थांबते, तेवढं सांभाळा.

थंडीतही असाच एक बारकावा आहे. तीन-तीन तासांचे आकडे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि सकाळी साडेआठचे पडतात. जानेवारीत आमच्याकडे पारा सर्वांत खाली असतो तो सूर्य उगवायच्या सुमारास, म्हणजे नेमका या दोहोंच्या मध्ये. त्यामुळे साध्या तापमानावर न जाता किमान तापमानाची वेगळी नोंद घ्या. ती घ्यायला लागल्यापासून नाना संध्याकाळी स्वतःहून विचारायला येतात.

मे महिन्यातल्या वादळासाठी यावर विसंबू नका. जाळीचा एक चौकोन सव्वीस-अठ्ठावीस किलोमीटरचा; त्यात सातपुड्याचा उतारही येतो आणि तापीकाठही. एका शिवारातली केळी आडवी करणारा वारा त्यात दिसेलच असं नाही, आणि तो लायब्ररीचा दोष नव्हे.

चोपड्याच्या मावसभावाला हीच स्क्रिप्ट दिली आहे. त्याला फक्त अक्षांश-रेखांश बदलावे लागले. आता मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीच्या) निसवणीआधी दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहणार आहोत.