कोचला पैसे द्यावे, की तालुक्यातच विचारावं?

मोर्शी तालुक्यातल्या एखाद्या गावातला पदवीधर डोळ्यांपुढे आणा. वय सत्तावीस, अभ्यासिकेत चार वर्षं गेलेली. पोलीस शिपाई भरतीत खुल्या प्रवर्गाला २८ ची अट, म्हणजे ते दार लागत आलेलं. एमपीएससीला मात्र ३८ पर्यंत मुभा, म्हणजे आशा धरून बसायला अजून दहा-अकरा वर्षं. चुलतभाऊ चाकणला बोलावतो, बाप म्हणतो बागेकडे बघ.

दुसरी, दारव्ह्याकडची. कॉलेजात शिकवण्यासाठीची नेट परीक्षा झालेली, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, वय चौतीस. कायम जागेची वाट पाहणं किती वर्षं चालवायचं, हा तिचा प्रश्न. तिसरा लाखनीकडचा. घरी धानाची शेती, त्याला दहा म्हशींचा गोठा टाकायचा आहे.

तिघांच्याही मोबाईलवर करिअर कोचची जाहिरात येते आणि तिघंही विचारतात, लावावा का? माझं मत आधीच सांगतो: गोठेवाल्याने अजिबात नाही, अभ्यासिकेतल्या पोराने आत्ता नाही, आणि मॅडमनी जरूर विचार करावा.

माणूस अडतो तो चार ठिकाणी. माहिती नसते, हातात कसब नसतं, भांडवल नसतं, नाहीतर सगळं असून ठरवणं होत नाही. कोचचा धंदा यातल्या फक्त चौथ्या गोष्टीचा आहे. रीतसर शिकलेला कोच तुम्हाला ‘हे कर’ म्हणून सांगतच नाही. तो पाऊणएक तास प्रश्न विचारतो, तुमच्याच तोंडून पर्याय काढतो, पुढच्या वेळेपर्यंत काय करणार ते तुमच्याकडून ठरवून घेतो आणि मग त्याचा हिशेब मागतो. पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं, बाप्पा, पैसे मी दिले आणि उत्तरंही मीच देऊ? पण पद्धत तीच आहे. कुणीतरी जाणत्याने वाट दाखवावी अशी अपेक्षा असेल, तर तुम्हाला कोच नको, त्या वाटेने गेलेला माणूस हवा.

गावातला सल्ला आणि बाहेरचा कान

खरी तुलना इथे आहे, कारण सल्ल्याची आपल्याकडे ददात नाही. पारावर बसा, चहा येईपर्यंत चार करिअर ठरतात. अडचण अशी की सल्ला देणाऱ्या प्रत्येकाचं त्यात काहीतरी गुंतलेलं असतं. बापाला शेताची काळजी, मामाला सोयरिकीची: ‘नोकरीवाला पोरगा’ हे शब्द बायोडेटावर असावेत म्हणून तो भरतीचा आग्रह धरतो. क्लासवाल्याला पुढची बॅच भरायची असते. अभ्यासिकेतला जिवाभावाचा मित्रही निःपक्ष नसतो. तुम्ही उठून गेलात तर आपण का बसलोय, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, म्हणून तो म्हणतो, एक अटेम्प्ट देऊन पाहू ना भाऊ. यात कुणाची लबाडी नाही, पण तटस्थ कान मिळत नाही. शिवाय सोमवारी बोललेलं बुधवारच्या बाजारात फिरतं. तासिका तत्त्वावरच्या मॅडमनी ‘सोडून देऊ का’ असं स्टाफरूममध्ये नुसतं म्हटलं, तरी पुढच्या सत्राच्या तासिकांचं काय होईल सांगता येत नाही.

बाहेरच्या कोचला तुमच्या निर्णयातून जमीन, हुंडा, खुर्ची काही मिळायचं नसतं. एवढ्या एका गोष्टीसाठी त्याला फी देणं मला पटतं.

मात्र याच बाहेरपणाचा तोटाही आहे. पुण्यात बसलेल्या कोचला सातबाऱ्यावरचा बोजा कळेलच असं नाही. ‘घरच्यांना ठामपणे नाही म्हणा’, ‘तुमचं पॅशन ओळखा’ असली वाक्यं शहरातल्या एकट्याने राहणाऱ्या पगारदाराला चालतात. इकडे थोरल्या पोराचा निर्णय म्हणजे पीककर्ज कोण फेडणार, बहिणीचं लग्न कोणत्या साली, आईला दवाखान्यात कोण नेणार, या सगळ्याचा निर्णय. म्हणून पहिल्या फुकट बोलण्यातच ही परिस्थिती सरळ सांगा आणि समोरचा काय करतो ते पाहा. त्याने त्यावर पुढचा प्रश्न विचारला तर माणूस कामाचा. व्याख्यान सुरू केलं तर फोन ठेवायला हरकत नाही. मराठीत बोलणारा शोधा, हेही सांगून ठेवतो. मनातली भीती परक्या भाषेत मांडताना निम्मी आतच राहते.

जे फुकट मिळतं ते आधी

गोठेवाल्याकडे निर्णय झालेला आहे. त्याला हवं आहे कसब आणि कर्ज. त्याने जिल्ह्याची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था गाठावी, जिला सगळे आरसेटी म्हणतात. अग्रणी बँक ती चालवते. प्रशिक्षण निवासी असतं, राहणं-जेवण फुकट. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं आणि बँकेच्या कर्जाशी जोडून देणं हे संस्थेचं कामच आहे. कोच पैसे घेऊन ‘जबाबदारीचा पाठपुरावा’ म्हणून जे विकतो, ते इथे बिनपैशांत, आणि कर्जाची फाईल कशी हलते ते ठाऊक असलेल्या माणसाकडून मिळतं. चारा, जाती, रोग यांसाठी कृषी विज्ञान केंद्र आहे. दुधाचा दर मात्र गावातल्या संकलन केंद्रावर उभं राहूनच कळतो.

अभ्यासिकेतल्या पोराचं अडणं त्याला स्वतःला वाटतं त्यापेक्षा जास्त माहितीचं आहे. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. चार वर्षं पर्यायांवर गोल रंगवणाऱ्याने आधी पाच-सहा उत्तरं हाताने लिहून जाणत्याला दाखवावीत. या प्रश्नावर कोच काही करू शकत नाही, पास झालेला अधिकारी किंवा चांगला शिक्षक करू शकतो. इतर मागास वर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्यांसाठी नागपूरची महाज्योती आहे, मराठा-कुणब्यांसाठी सारथी, अनुसूचित जातींसाठी बार्टी. स्पर्धा परीक्षांच्या मोफत प्रशिक्षणाच्या योजना या संस्था राबवतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत महाज्योती की सारथी हे जातीच्या दाखल्यावर काय लिहिलंय त्यावर ठरतं, म्हणून आधी दाखला काढून पाहा.

नोकऱ्यांसाठी केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून चालू आहे, त्याचा फोन १५१४. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रही आहे. सरकारी मार्गदर्शनाचा अनुभव माणसागणिक बदलतो, हे नाकारत नाही. एखादा साहेब तासभर बसवून समजावतो, दुसरा भिंतीवरच्या पोस्टरकडे बोट दाखवतो. खिडकीवर जाऊन ‘मी काय करू?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘बारावी सायन्सवर या जिल्ह्यात ॲप्रेंटिसशिप कुठे आहे?’ असं विचारलं तर मिळतं.

आणि ठरवता न येणं हेच ज्याचं दुखणं आहे, अशा तरुणालाही लगेच पैसे मोजायची गरज नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या आपल्या ‘सर्च’ या संस्थेतून २००६ साली ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला. आयुष्याचं काय करायचं, या प्रश्नावरच तिथे तरुणांची शिबिरं होतात. वातावरण समाजकार्याकडे झुकणारं आहे, सगळ्यांना मानवेल असं नाही. घरातलं पहिलंच पोर शिकत असेल आणि मोठ्या विद्यापीठात जायचं मनात असेल, तर यवतमाळ जिल्ह्यातून सुरू झालेलं एकलव्य इंडिया फाउंडेशन प्रवेशासाठी हात धरून मार्गदर्शन करतं. आपल्यासारख्याच घरातून गेलेली मुलं तिथे भेटतात, आणि मला ती कुठल्याही कोचपेक्षा जास्त उपयोगाची वाटतात.

पैसे द्यायचेच असतील तर

आता मॅडम. त्यांच्याकडे माहिती आहे, पदवी आहे. शाळेत जावं, स्वतःचे वर्ग काढावेत, की जागेची वाट पाहावी, हे तिन्ही रस्ते त्यांना पाठ आहेत. ठरत नाही, आणि ज्यांच्याशी बोलावं त्या प्रत्येकाचं हितसंबंधांचं गणित आहे. त्यांनी तीन-चार बैठकी घ्याव्यात, एकेका बैठकीचे पैसे देत. दुपारी घर रिकामं असताना साध्या फोनवर काम होतं, व्हिडिओ लागतोच असं नाही.

कोच म्हणवून घ्यायला आपल्या देशात परवाना लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञाला वैद्यकीय नोंदणी लागते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची. कोचला मात्र इन्स्टाग्रामचं खातं पुरतं. त्यातल्या त्यात चाळणी म्हणून इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या श्रेणी पाहता येतात: एसीसीसाठी किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव, पीसीसीसाठी १२५ आणि ५००, एमसीसीसाठी २०० आणि २,५००. नाव त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतं. श्रेणी असली म्हणजे माणूस आपल्या कामाचा, असं नव्हे, पण ‘हजारो आयुष्यं बदलली’ या दाव्यापेक्षा हे बरं.

सांभाळायचं ते वेबिनारवाल्यांपासून. नव्याण्णव रुपयांत तीन तास बसवतात, शेवटच्या अर्ध्या तासात पॅकेज येतं, ‘आज रात्री बारापर्यंतच’ निम्म्या किमतीत. तीस हजारांचं पॅकेज असेल तर २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावानेसुद्धा ते साडेपाच क्विंटलच्या वर सोयाबीन झालं, आणि हमीभाव बाजारात किती वेळा मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. पैसे नाहीत म्हटलं की हप्त्यांची सोय पुढे येते. ते हप्ते कोचचे नसतात, वित्त कंपनीच्या कर्जाचे असतात. दुसऱ्या बैठकीनंतर तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाहीत, आणि थकले की सिबिल बिघडतं. मग ट्रॅक्टरसाठी बँकेत गेल्यावर हा विषय निघतो.

पैसे परत मिळण्याबद्दलही गैरसमज आहे. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मध्येच सोडणाऱ्याला उरलेली फी परत देण्याची तरतूद आहे. पण त्या सूचनांमधल्या कोचिंगच्या व्याख्येतून समुपदेशन वगळलेलं आहे, म्हणून करिअर कोचच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. परताव्याची अट व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

एका माणसाला मात्र यातलं काहीच लागू नाही. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगून काय करायचं असं मनात येतं, तर हा करिअरचा प्रश्न समजू नका आणि कोचकडे जाऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याची सेवा मिळते. घरात असं कुणी दिसत असेल, तर फोन तुम्हीच लावून द्या आणि जवळ बसा.